दुर्बीण, पिचर आणि साडेतेरा सामने: १९५१ चे न्यूयॉर्क जायंट्स

प्रश्न असा होता: १९५१ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्क जायंट्स हा बेसबॉल संघ ब्रुकलिन डॉजर्सपेक्षा साडेतेरा सामने मागे होता, तरी शेवटी जायंट्सच जिंकले. पुढे कळलं की ते स्वतःच्या मैदानावर दुर्बीण लावून समोरच्या कॅचरच्या (फलंदाजामागे बसून चेंडू झेलणाऱ्याच्या) खुणा चोरत होते. मग हा पराक्रम खरा मानायचा की नाही? आणि 'साडेतेरा सामने मागे' हा हिशेब कसा करतात?

माझं उत्तर आधी सांगून टाकतो. चोरी झाली, त्यात आता काही शंका उरलेली नाही. पण पिछाडी भरून निघाली ती चोरीमुळे नव्हे. ती भरली पिचर्सनी, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यांनी, आणि दुर्बीण यायच्या दोन महिने आधी केलेल्या एका अदलाबदलीने. तरीही जायंट्सना मी पूर्ण निर्दोष सोडणार नाही, त्याचं कारण पुढे येईल. मी आयुष्यभर कॅचर आणि पिचर शिकवले, आधी सॉफ्टबॉलचे, मग बेसबॉलचे. त्यामुळे स्कोअरशीट हातात आली की माझी नजर पहिल्यांदा पिचरच्या रकान्यावर जाते. हा माझा पक्षपात आहे, तो लक्षात ठेवूनच वाचा.

हिशेब सोपा आहे. दोन संघांच्या विजयांतला फरक घ्यायचा, पराभवांतला फरक घ्यायचा, बेरीज करून निम्मं करायचं. ११ ऑगस्टच्या दिवसअखेर डॉजर्स ७० जिंकले, ३६ हरले; जायंट्स ५९ जिंकले, ५१ हरले. विजयांत ११ चा फरक, पराभवांत १५ चा, बेरीज २६, म्हणजे पिछाडी १३. मग साडेतेरा कुठून आले? त्या दिवशी डॉजर्सचे एकापाठोपाठ दोन सामने होते. पहिला ते जिंकले तेव्हा काही तासांपुरती पिछाडी साडेतेरा झाली, दुसरा हरले आणि ती तेरावर आली. लोकांच्या लक्षात मोठा आकडा राहिला, एवढंच.

तेव्हा प्रत्येक लीगमध्ये आठच संघ होते आणि प्रत्येक संघ १५४ सामने खेळे. आजच्यासारखी बाद फेऱ्यांची रांग नव्हती. नॅशनल लीगमध्ये जो पहिला येईल त्याला पेनंट, म्हणजे लीगचं विजेतेपद, आणि तोच थेट वर्ल्ड सिरीजला, म्हणजे दोन्ही लीगच्या विजेत्यांमधल्या अंतिम मालिकेला. दुसरा आला तो घरी. बरोबरी झालीच तर तीन सामन्यांचा निर्णायक प्लेऑफ. ऑगस्टमध्ये तेरा सामने मागे असणं म्हणजे काय हे यावरून समजेल. ८ आणि ९ ऑगस्टला डॉजर्सनी स्वतःच्या एबेट्स फील्डवर जायंट्सना लागोपाठ तीनदा हरवलं, तेव्हा डॉजर्सचे मॅनेजर चक ड्रेसेन यांनी जायंट्स मेले असं जाहीर करून टाकलं. भिंतीपलीकडच्या खोलीत बसलेल्या जायंट्सना ऐकू जाईल अशी गाणीही डॉजर्सनी म्हटली. उद्धटपणा होताच, पण आकडे त्यांच्या बाजूने होते.

आता मूळ कथा. ती ऑगस्टमध्ये सुरू होत नाही.

१९४७ च्या जायंट्सनी २२१ होमरन (चेंडू थेट मैदानाबाहेर जाणारे फटके) मारले होते. तो तेव्हाचा विक्रम होता, आणि संघ आला चौथा. मारणारे भरपूर, पळणारे कमी, झेलणारे त्याहून कमी. जुलै १९४८ मध्ये लिओ ड्युरोशर हा माणूस ब्रुकलिनची मॅनेजरकी सोडून चक्क हंगामाच्या मधोमध शत्रूच्या छावणीत, म्हणजे जायंट्सकडे आला. एकाच शहरातले हे दोन संघ, एकमेकांचं तोंड न पाहणारे. त्यामुळे दोन्हीकडचे प्रेक्षक बरेच दिवस सैरभैर होते. ड्युरोशरला हा धिप्पाड, मंद संघ नकोच होता. डिसेंबर १९४९ मध्ये त्याने सिड गॉर्डन आणि विलर्ड मार्शल हे दोन मोठे फटकेबाज आणखी दोघांसह बोस्टन ब्रेव्ह्जला देऊन टाकले आणि बदल्यात सेकंड बेसवरचा एडी स्टँकी आणि शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधला क्षेत्ररक्षक) अल्विन डार्क घेतले. फर्स्ट, सेकंड, थर्ड असे तीन बेस गाठून फलंदाज घरी, म्हणजे होम प्लेटवर, परतला की एक रन होते. मैदानाच्या मधल्या कण्यात, म्हणजे कॅचर, शॉर्टस्टॉप, सेकंड बेस आणि सेंटर फील्ड या रेषेत, हातांवर भरवसा ठेवता येईल अशी माणसं हवीत, हे त्याला कळत होतं. पिचर कितीही चांगला असो, मागे चेंडू अडवणारे नसतील तर तो नऊ इनिंग्जच्या, म्हणजे डावांच्या, सामन्यात आठव्या इनिंगपर्यंत थकून जातो.

१९५१ ची सुरुवात भयंकर झाली. एप्रिलमध्ये जायंट्स लागोपाठ ११ सामने हरले आणि २ विजय, १२ पराभव अशा अवस्थेला आले. वर्तमानपत्रांनी हंगाम तिथेच गुंडाळला. पण मे महिन्यात ड्युरोशरने दोन गोष्टी केल्या, आणि माझ्या मते पेनंट तिथेच जिंकली गेली.

पहिली गोष्ट अगदी साधी. मॉन्टी अर्विन फर्स्ट बेसवर अवघडून खेळत होता आणि व्हाइटी लॉकमन लेफ्ट फील्डमध्ये, म्हणजे बाहेरच्या मैदानाच्या डाव्या भागात. २१ मेच्या सुमारास दोघांच्या जागा बदलल्या: लॉकमन फर्स्ट बेसवर, अर्विन लेफ्टला. अर्विन मूळचा आऊटफील्डरच, म्हणजे बाहेरच्या मैदानात खेळणारा. वर्णभेदामुळे त्याची उमेदीची वर्षं नेग्रो लीगच्या (कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या लीगच्या) नेवार्क ईगल्सकडून आणि मग सैन्यात गेली. जायंट्सकडे तो १९४९ मध्ये, तिशीत आला. आपल्या जागी परत गेल्यावर त्याची बॅट मोकळी झाली. त्या वर्षी त्याची सरासरी .३१२, होमरन २४ आणि फलंदाजीने घरी आणलेल्या रन १२१, लीगमध्ये सर्वात जास्त. शिकवताना हे मी कायम पाहिलंय: मुलाला त्याच्या हाताला न बसणाऱ्या जागी उभं केलं की त्याची फलंदाजीही आकसते. चूक होईल ही धास्ती तो बॅटिंगलाही सोबत घेऊन जातो.

दुसरी गोष्ट म्हणजे विली मेज. वीस वर्षांचा हा मुलगा खालच्या लीगमध्ये मिनिॲपोलिसकडून ३५ सामन्यांत .४७७ ने मारत होता. .३०० म्हणजे उत्तम आणि .४०० म्हणजे अजब, हे माहीत असलं की .४७७ चा अर्थ लागेल. २५ मेला फिलाडेल्फियात त्याचा पहिला सामना झाला आणि तिथल्या तीन सामन्यांत त्याच्या बॅटमधून एकही हिट, म्हणजे बेस गाठून देणारा फटका, निघाली नाही. मग जायंट्सच्या घरच्या पोलो ग्राउंड्सवर वॉरन स्पानसारख्या महान पिचरला होमरन, आणि पुन्हा दुष्काळ. पहिल्या २६ प्रयत्नांत एकच हिट. मुलगा रडला, मला परत पाठवा म्हणाला. ड्युरोशर स्वभावाने खवचट, शिवराळ माणूस. पण मेजला त्याने सांगितलं की मी इथे आहे तोवर सेंटर फील्डला तूच. त्या वर्षी मेजने .२७४ ची सरासरी आणि २० होमरन केले, नवोदिताचा पुरस्कारही मिळवला. पण मला विचाराल तर त्याचं खरं मोल बॅटीत नव्हतं. पोलो ग्राउंड्सचं मैदान घोड्याच्या नालेसारखं लांबुळकं. डावीकडचा कोपरा २७९ फुटांवर, उजवीकडचा जेमतेम २५८, आणि सरळ सेंटर फील्डला क्लबहाऊसची भिंत तब्बल ४८३ फुटांवर. एवढं रान एकटा सांभाळणारा माणूस मिळाला म्हणजे पिचर्सना मधोमध मारून घ्यायची मुभा मिळाली.

१५ ऑगस्टचा प्रसंग यासाठी बघण्यासारखा आहे. आठवी इनिंग, डॉजर्सविरुद्ध १-१ बरोबरी, तिसऱ्या बेसवर बिली कॉक्स, फलंदाज कार्ल फुरिलो. त्याने उजव्या-मधल्या भागात उंच चेंडू मारला. झेल झाला की कॉक्स घरी धावणार आणि रन होणार, हे सगळ्यांना माहीत. मेजने धावत जाऊन चेंडू झेलला, तोंड उलट दिशेला असतानाच डाव्या बाजूने पूर्ण गिरकी घेतली आणि तसाच कॅचर वेस वेस्ट्रमकडे फेकला. कॉक्स बाद. त्याच इनिंगच्या उत्तरार्धात वेस्ट्रमने दोन रनचा होमरन मारला, जायंट्स ३-१ ने जिंकले. त्या फेकीत खुणा, दुर्बीण, काहीही नाही.

मेज आल्याने बॉबी थॉमसन या गुणी माणसाची सेंटर फील्डची जागा गेली. ग्लासगोत जन्मलेला, न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर वाढलेला थॉमसन काही काळ बाकावरच होता. २० जुलैच्या सुमारास थर्ड बेसवरचा हँक थॉम्पसन जखमी झाला (नावांच्या या सारखेपणाने नवे वाचक हमखास गोंधळतात) आणि थॉमसन तिथे उभा राहिला. बॅट धरायची पद्धतही त्याने याच सुमारास बदलली, थोडा वाकून उभा राहू लागला. हंगामाच्या शेवटी त्याचे होमरन ३२. आणि नेमक्या याच आठवड्यात दुर्बीणही आली. त्यामुळे थॉमसनची सुधारणा कशाने झाली हे ठरवताना तीन कारणं एकमेकांत अडकली आहेत. जो फक्त दुर्बिणीचं नाव घेतो तो बाकी दोन सोडून देतो.

आता चोरी नेमकी कशी चालायची ते बघू. कॅचर मांड्यांच्या मध्ये बोटं दाखवून पिचरला सांगतो की पुढचा चेंडू कोणता. फास्टबॉल (वेगवान) की कर्व्ह (वळणारा), हे फलंदाजाला आधी कळलं तर मोठा फायदा. गुगली येणार हे स्पिनर धावायला लागायच्या आधी कळल्यासारखं. पोलो ग्राउंड्सवर खेळाडूंच्या खोल्या सेंटर फील्डच्या भिंतीत होत्या, म्हणजे खिडकी थेट कॅचरच्या समोर. तिथे हर्मन फ्रँक्स हा कोच, जो स्वतः जुना कॅचर होता, दुर्बीण लावून बसायचा. मैदानाचे इलेक्ट्रिशियन अब्राहम चॅडविक यांनी तिथून बुलपेनपर्यंत, म्हणजे राखीव पिचर्सच्या सरावाच्या जागेपर्यंत, तार ओढून बझर बसवला. ते स्वतः डॉजर्सचे चाहते होते, ही त्यातली गंमत. बझर एकदा वाजला तर फास्टबॉल, दोनदा वाजला तर वळणारा चेंडू. बुलपेनमध्ये बसलेला सॅल इव्हार्स हा राखीव कॅचर मग फलंदाजाला दिसेल अशी खूण करायचा: हातातला चेंडू उडवला तर एक अर्थ, धरून बसला तर दुसरा. कुजबूज अनेक वर्षं होती. २००१ च्या जानेवारीत जोशुआ प्रेगर यांनी वॉल स्ट्रीट जर्नलमध्ये हयात खेळाडूंना बोलतं केलं आणि पुरावा पक्का झाला.

सगळ्यांना ही माहिती हवी होती असंही नाही. ड्युरोशरने विचारल्यावर आपण नको म्हणालो, असं अर्विनने सांगितलं आहे. बाहेरच्याला हे सोवळेपण वाटेल, पण कारण व्यावहारिकही असतं. १९५१ मध्ये फलंदाजांच्या डोक्यावर आजच्यासारखं हेल्मेट नसे. कर्व्ह येणार म्हणून तुम्ही प्लेटवर वाकलात आणि खूण चुकीची निघून फास्टबॉल कानाशी आला, तर खेळच संपला. शिवाय खूण वाचून तार, तारेवरून बझर, बझरवरून बुलपेन, बुलपेनवरून फलंदाजाचा डोळा, हे सगळं पिचरने हात उचलायच्या आत व्हायला हवं. आणि सेकंड बेसवर धावपटू असला की कॅचर साधी खूण देतच नाही, कारण तो धावपटू ती उघड्या डोळ्यांनी बघत असतो. तेव्हा चार-पाच खुणांची माळ देतात आणि त्यातली कितवी खरी हे पिचर-कॅचरनाच ठाऊक असतं. मी माझ्या कॅचरना पहिल्या आठवड्यात शिकवतो ती ही गोष्ट. म्हणजे दुर्बीण सर्वांत उपयोगी पडते ती सेकंड बेस रिकामा असताना, जेव्हा दबाव कमी असतो.

आणि हंगामाचे सगळे आकडे सामन्यागणिक मांडून पाहिले तर जे दिसतं ते मजेदार आहे. दुर्बीण लागल्यानंतर घरच्या मैदानावर जायंट्सची फलंदाजीची सरासरी वाढली नाही, किंचित घसरली. वाढली ती बाहेरच्या मैदानांवर, जिथे ना तार होती ना बझर. आणि सर्वांत मोठा बदल दिसतो तो समोरच्या संघांनी काढलेल्या रनांत: त्या कमी झाल्या. दुर्बिणीने तुमचा पिचर सुधारत नाही.

म्हणून पिचर्सकडे येऊ. सॅल मॅग्ली २३ जिंकला, ६ हरला. लॅरी जॅन्सन २३ जिंकला, ११ हरला. जिम हर्न १७ आणि ९. मागून येऊन सामने सावरणारा जॉर्ज स्पेन्सर १० आणि ४. जुलैमध्ये खालच्या लीगमधून आणलेला अल कॉर्विन ५ आणि १. मॅग्लीची गोष्ट स्वतंत्र लिहिण्यासारखी आहे. १९४६ मध्ये जास्त पैशांसाठी तो मेक्सिकन लीगला गेला, म्हणून बेसबॉलच्या कमिशनरने त्याला आणि त्याच्यासारख्यांना पाच वर्षांची बंदी घातली. ती १९४९ मध्ये उठली. मेक्सिकोत प्वेब्लाला डॉल्फ लुके हा जुना क्यूबन पिचर त्याचा मॅनेजर होता. तिथल्या उंचीवर हवा विरळ, कर्व्ह वळतच नाही. तिथे वळवायला शिकलेला मॅग्ली न्यूयॉर्कच्या दाट हवेत आला तेव्हा त्याचा कर्व्ह मोठ्या-मोठ्यांना झेपेना. त्यात फलंदाजाच्या हनुवटीशी फास्टबॉल टाकायची सवय. म्हणून त्याचं नाव पडलं न्हावी. बंदी पडली नसती तर हा माणूस असा घडला असता का, मला शंका आहे. १९५१ मध्ये तो ३४ वर्षांचा होता.

१२ ऑगस्टपासून जायंट्स लागोपाठ १६ सामने जिंकले, २७ तारखेपर्यंत. त्यांतले १३ घरच्या मैदानावर, आणि दुर्बीणवाले याच आकड्यावर बोट ठेवतात. ठीक आहे, ठेवा. पिछाडी १३ वरून ५ वर आली. पण तिथून पुढेही ते थांबले नाहीत. ११ ऑगस्टनंतरच्या ४४ सामन्यांत ३७ विजय, ७ पराभव. डॉजर्स याच काळात २६ जिंकले, २२ हरले. म्हणजे 'डॉजर्स कोसळले' हे जे म्हणतात ते अर्धवट खरं. निम्म्याहून अधिक सामने जिंकणाऱ्या संघाला कोसळला म्हणत नाहीत. समोरचा अशक्य वेगाने धावत होता. खरी पडझड अगदी शेवटी झाली. २० सप्टेंबरला डॉजर्स साडेचार सामने पुढे होते आणि त्यांचे दहाच सामने उरले होते. त्यांतले सहा ते हरले. जायंट्सचे सात उरले होते, सातही जिंकले. दोघेही ९६ विजय, ५८ पराभवांवर येऊन थांबले.

या सातपैकी शेवटचे चार सामने जायंट्सनी बाहेर खेळले: दोन फिलाडेल्फियात, दोन बोस्टनला. बोस्टनला २९ सप्टेंबरला मॅग्लीने समोरच्यांना शून्यावर ठेवलं, ३-०. दुसऱ्या दिवशी जॅन्सन, ३-२. तार पोलो ग्राउंड्सच्या भिंतीत होती, बोस्टनच्या नाही.

डॉजर्सना ३० तारखेला फिलाडेल्फियात जिंकणं भाग होतं आणि ते १-६ ने मागे पडले होते. तो सामना जॅकी रॉबिन्सनने ओढून आणला. १२ व्या इनिंगला भरलेल्या बेसवर जमिनीलगतचा चेंडू झेपावून झेलला, १४ व्या इनिंगला रॉबिन रॉबर्ट्सला होमरन मारला, ९-८. माझ्या हिशेबी त्या अख्ख्या हंगामातला एका खेळाडूचा सर्वोत्तम दिवस हा. पण या सामन्याची किंमतही मोजावी लागली. डॉन न्यूकमने आदल्याच दिवशी पूर्ण सामना टाकला होता, आणि ड्रेसेनने त्याला पुन्हा उतरवून पावणेसहा इनिंग्जच्या आसपास टाकायला लावलं. ताज्या हातांचा क्लेम लबाइन मात्र बसून होता, कारण काही दिवसांपूर्वी त्याने मॅनेजरचं न ऐकता आपल्या पद्धतीने चेंडू टाकला आणि त्यावर मोठा होमरन बसला होता. मॅनेजरने राग डोक्यात धरून एक हात वाया घालवला. दुर्बिणीपेक्षा मला हे जास्त महागात पडलेलं दिसतं.

प्लेऑफचा पहिला सामना १ ऑक्टोबरला एबेट्स फील्डवर. पहिला सामना घरी घेण्याचा निर्णय डॉजर्सचाच, त्यामुळे उरलेले दोन पोलो ग्राउंड्सला गेले. हर्नने डॉजर्सना एकाच रनवर ठेवलं, जायंट्स ३-१. थॉमसनने राल्फ ब्रँकाला दोन रनचा होमरन मारला. पुन्हा सांगतो, ब्रुकलिनमध्ये, डॉजर्सच्या मैदानावर. त्याच पिचरला, दोन दिवस आधी.

तिसऱ्या सामन्याबद्दल एवढं लिहिलं गेलंय की मी फक्त शिकवणाऱ्याच्या नजरेला जे दिसतं तेवढंच सांगतो. ३ ऑक्टोबर, मॅग्ली विरुद्ध न्यूकम. पन्नास हजारांहून मोठ्या मैदानावर प्रेक्षक फक्त ३४,३२०. आठ इनिंग्ज संपल्या तेव्हा डॉजर्स ४, जायंट्स १. आठ इनिंग्ज दुर्बिणीच्या डोळ्यांदेखत थकलेल्या न्यूकमने एकच रन दिली होती.

नवव्या इनिंगला डार्कने इनफील्डमधून निसटणारी हिट मारली आणि फर्स्ट बेसवर आला. इथे डॉजर्सची चूक झाली आणि ती मी दर वर्षी मुलांना दाखवतो. तीन रन पुढे असताना फर्स्ट बेसवरच्या धावपटूला अर्थ नसतो. तो पळून सेकंडला गेला तरी काय बिघडतं? पण गिल हॉजेस त्याला धरून ठेवण्यासाठी बेसला चिकटून उभा राहिला. डॉन म्युलरने नेमका त्याच्या शेजारच्या मोकळ्या जागेतून चेंडू काढला. हॉजेस मागे असता तर त्या चेंडूवर कदाचित डबल प्ले, म्हणजे एकदम दोघे बाद, झाला असता. अर्विन झेलबाद झाला, लॉकमनने डबल (थेट सेकंड बेस गाठून देणारा फटका) मारला, डार्क घरी आला. थर्ड बेसवर घसरताना म्युलरचा घोटा दुखावला, त्याच्या जागी क्लिंट हार्टंग धावायला आला. ४-२, एक बाद, सेकंड आणि थर्डवर धावपटू, थॉमसन फलंदाजीला, त्याच्यामागे मेज.

बुलपेनमध्ये कार्ल एर्स्किन आणि ब्रँका तयार होत होते. एर्स्किनचा कर्व्ह जमिनीवर टप्पा खातोय, असं कोच क्लाइड सुकफोर्थने फोनवर सांगितलं आणि ब्रँका आला. कॅचरही नेहमीचा नव्हता. रॉय कॅम्पनेला जखमी, त्याच्या जागी रूब वॉकर. फर्स्ट बेस मोकळा होता, थॉमसनला मुद्दाम चालत सोडून, म्हणजे फर्स्ट बेस फुकट देऊन, नवख्या मेजकडे जाता आलं असतं. जिंकणारी रन स्वतःहून बेसवर चढवायची नाही, हा जुना नियम ड्रेसेनने पाळला. मी काय केलं असतं? दोन दिवसांपूर्वी ज्याने याच पिचरला होमरन मारला त्याला मी सोडलं असतं. पण सत्तरहून अधिक वर्षांनंतर खुर्चीत बसून हे सांगणं फुकटचं आहे.

पहिला चेंडू फास्टबॉल, मधोमध. थॉमसनने सोडला. दुसरा फास्टबॉल, वर आणि अंगाकडे, पुढचा कर्व्ह बाहेर टाकण्याची तयारी म्हणून. तो थॉमसनने डावीकडच्या स्टँडमध्ये मारला, ३१५ फुटांच्या खुणेजवळ. ५-४. रेडिओवर रस हॉजेस हा निवेदक 'जायंट्सनी पेनंट जिंकली' हे वाक्य चार वेळा ओरडला. त्या चेंडूची खूण मिळाली होती का? थॉमसनने शेवटपर्यंत नाही म्हटलं. लॉकमन सेकंड बेसवर होता, म्हणजे खुणांची माळ चालू असणार. आणि खूण मिळालीच असती तर पहिला, सोपा चेंडू त्याने का सोडला, हे मला कुणी पटवून दिलेलं नाही.

वर्ल्ड सिरीज यानंतर यँकीजनी ४-२ ने जिंकली. तिच्यातली लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट म्हणजे म्युलर जखमी असल्याने पहिल्या सामन्यात अर्विन, मेज आणि हँक थॉम्पसन हे तिघे एकत्र आऊटफील्डला उभे राहिले. वर्ल्ड सिरीजमधलं पहिलं पूर्ण कृष्णवर्णीय आऊटफील्ड.

मग निर्दोष का सोडत नाही? कारण १५४ सामन्यांअखेर बरोबरी झाली होती. तिथे एका विजयाचाही फरक पुरेसा असतो. दुर्बिणीने तेरा सामन्यांची पिछाडी भरून काढली नाही, हे आकडे सांगतात. पण अख्ख्या दहा आठवड्यांत तिने एकही सामना मिळवून दिला नाही, असं छातीठोकपणे म्हणणारा माणूस स्कोअरशीट वाचत नाही. आणि तो एक सामना काढून घेतला तर प्लेऑफच होत नाही, पेनंट ब्रुकलिनची. तेव्हाच्या नियमांत यांत्रिक साधनांवर स्पष्ट बंदी नव्हती, ती नॅशनल लीगने १९६१ मध्ये आणली, म्हणून विजेतेपद काढून घेण्याचा प्रश्न उद्भवत नाही. पण जे उजळ माथ्याने करता येतं त्यासाठी कुणी भिंतीतून तार ओढत नाही. ब्रँकाला हे १९५४ मध्येच दुसऱ्या एका पिचरकडून कळलं होतं. तो कित्येक वर्षं जाहीरपणे काही बोलला नाही, थॉमसनबरोबर कार्यक्रमांना जाऊन सह्या देत राहिला.

या हंगामातला एकच सामना अभ्यासायला घ्यायचा असेल तर ३ ऑक्टोबरचा घेऊ नका, आदल्या दिवशीचा घ्या. पोलो ग्राउंड्स, खिडकी तीच, आणि पिचर तो बाकावर बसवून ठेवलेला लबाइन. तिसऱ्या इनिंगला तिन्ही बेस भरलेले, दोन बाद, फलंदाज थॉमसन, तीन बॉल आणि दोन स्ट्राइक. अशा वेळी शंभरातले नव्वद पिचर फास्टबॉल टाकतात, कारण चौथा बॉल, म्हणजे फलंदाजाच्या टप्प्याबाहेरचा चेंडू, पडला तर फलंदाजाला बेस फुकट मिळतो आणि भरलेल्या बेसवर रन फुकट जाते. लबाइनने कर्व्ह टाकला, तोही स्ट्राइक झोनच्या (त्या टप्प्याच्या) बाहेर जाणारा. थॉमसनने बॅट फिरवली आणि बाद झाला. डॉजर्स १०, जायंट्स ०.